मोरीवरची खडी

प्रिय इंकेरी,

तू माझा फोन उचलत नाहीस, हे आता मी मान्य केलंय. सात आठवडे रोज लावला. म्हणून हे पत्र. पोस्टाचा भरवसा नाही, तेव्हा पाकीट तुझ्या आईच्या, लेंपीच्या, हातात देतो आहे. ती बुधवारी तुझ्याकडे येणार आहे, आणि माझी बहीण एखादी गोष्ट पोचवते म्हणाली की पोचवतेच. गुरुवारी तुला शहरात सुनावणीला उभं राहायचंय. तिथे तू सांगणार आहेस की चूक तुझी, ओना तुझ्यामुळे गेली, आणि वकीलही नको म्हणालीस, हे मला लेंपीनंच सांगितलं. सांगताना ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडली. साठ वर्षांत मी तिला दोनदाच रडताना पाहिलं आहे. तर गुरुवारच्या आत एवढं पत्र वाच. पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस. सगळं ओळीनं सांगितलं तरच मला सांगता येणार आहे.

इकडे बर्चची पानं झडून गेली. सकाळी गवतावर हिव पडतं. तळ्यांच्या मधला बांधावरचा रस्ता बंदच आहे, दोन्ही बाजूंना लाल-पिवळे अडसर लावलेत. राउहा पलीकडच्या काठावर राहते, तिला दुकानात जायला सव्वीस किलोमीटरचा वळसा पडतो. ऐंशी वर्षांची बाई, पण तक्रार नाही. वरच्या तळ्याचं पाणी अजून उतरलेलं नाही. लहानपणी तू ज्या खडकावर बसून गळ टाकायचीस तो जुलैपासून पाण्याखाली आहे. मी रोज दुपारी जाऊन बघतो. पाणी अगदी शांत असतं, काळं आणि काठोकाठ, आणि बांधाच्या इकडल्या बाजूला, खालच्या तळ्याच्या अंगाला, वाळूतून बारीक झरे फुटलेले दिसतात. पूर्वी तिथे मुंग्यांची वारुळं होती. मुंग्या जूनमध्येच निघून गेल्या होत्या. तेव्हा मी म्हटलं होतं, यंदा मुंग्या कमी.

सहा वर्षांपूर्वी तू ती जाड टायरांची, वाकड्या दांड्याची सायकल घेऊन आलीस ते आठवतं? सगळ्यांनी अंगणात येऊन ती पाहिली. ट्रॅक्टरवाला हेइमो म्हणाला, "पोरी, शर्यतीची सायकल आणि शेतातली सायकल यांचं लग्न लावलंस की काय?" तू म्हणालीस की आता लोक डांबर सोडून मुद्दाम खडीचे रस्ते शोधत फिरतात. आम्हाला खरंच वाटेना. चाळीस वर्षं आम्ही डांबरासाठी अर्ज करत होतो, आणि ते आलं नाही म्हणून पाहुण्यांसमोर ओशाळत होतो. आमची लाज हेलसिंकीत शोभेची वस्तू झाली होती! मग तू नकाशा पसरलास, आणि आमचे लाकूडतोडीचे रस्ते, राउहाच्या कुरणाची पायवाट, जुन्या चर्चमागची वाळूची टेकडी, सगळं जोडून एक्क्याऐंशी किलोमीटरचा फेरा काढलास. चढ कुठेही दम काढणारा नाही, जिकडेतिकडे पाणी आणि झाडांची सावली. पहिल्या वर्षी अकरा जण आले. यंदा चौतीस. राउहा त्यांच्यासाठी वेलदोड्याचे गोड पाव भाजायची, आणि नवरा गेल्यापासून तिच्या घरात एवढी माणसं कधी आली नव्हती. तुझ्यामुळे हे गाव वर्षातून एक दिवस गाव दिसायचं. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. आमच्यात सांगत नाहीत.

आमच्यात काय काय सांगत नाहीत, त्यावरच येतो. तू नऊ वर्षांची होतीस. सुट्टीत आली होतीस आणि दूध आणायला गेलीस तेव्हा वाटेत खड्डा दिसला. रस्त्याकडेच्या पेटीतली खडी आणून तू तो भरलास, पायांनी दाबलास आणि जेवताना सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगितलंस. मी काय म्हणालो होतो ते तुला आठवत असेल. "रस्त्यावर उपकार केलेस का? ज्याला खड्डा दिसतो तो भरतो आणि गप्प बसतो." तू कानापर्यंत लाल झालीस. लेंपीनं माझ्याकडे रागानं पाहिलं, पण तीही काही बोलली नाही, कारण तिलाही असंच शिकवलं होतं. आपल्या नऊ घरांत हा नियमच आहे. कडेला खडीची पेटी, पेटीत फावडं. ज्याला दिसेल त्यानं भरावं. सांगितलं तर ते मिरवणं होतं, विचारलं तर दुसऱ्यावर ठपका. या रीतीचा मला अभिमान होता, इंकेरी. रस्ता मंडळाचा चिटणीस म्हणून बावीस वर्षं मी दर वार्षिक सभेत सांगत आलो की आपल्या रस्त्याबद्दल एकही तक्रार नाही, आणि लोक मान डोलावत कॉफी ओतून घ्यायचे.

या वर्षी वसंतात बीव्हरचं जोडपं आलं आणि झाडं कुरतडून वाहतं पाणी अडवायच्या त्या प्राण्यांच्या खोडीनं त्यांनी बांधाखालून पाणी नेणाऱ्या मोरीचं तोंड फांद्याचिखलानं बुजवलं. आम्ही काढायचो, ते पुन्हा बुजवायचे. हेइमो म्हणायचा, "आपल्या रस्ता मंडळापेक्षा हे दोघं जास्त काम करतात, यांनाच चिटणीस करा." हसायचो आम्ही. पाणी वर चढत गेलं, मोरीतून वाट मिळेना तेव्हा त्यानं बांधाच्या पोटातून वाट शोधली. बांध सगळा वाळूचा. वरून काहीच दिसत नव्हतं. एक वाटीएवढा खळगा पडायचा, मोरीच्या बरोब्बर वर, उजव्या चाकोरीत. मी तो पहिल्यांदा पाहिला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि दोन बादल्या खडी टाकून पुढे गेलो. पंधरा दिवसांनी पुन्हा दोन बादल्या. मला वाटलं, दोन आठवड्यांत एवढं खचतंच. त्याच उन्हाळ्यात खडीची पेटी दोनदा रिकामी झाली. एरवी ती पेटी सबंध हिवाळा पुरते. हेइमोनं ट्रॅक्टरनं आणून ती दोनदा भरली, आणि खडी जाते कुठे, हे त्यानं मला विचारलं नाही, मी त्याला विचारलं नाही.

फेरीच्या आदल्या दिवशी तुमच्यातले सहा जण माझ्या झोपडीत उतरले होते. त्यांत ओना होती. तू मला मामा म्हणतेस म्हणून तीही लगेच मामा म्हणू लागली. सौनाच्या वाफेतून लालबुंद होऊन बाहेर आली आणि पायरीवर बसून म्हणाली, "मामा, उद्या उतार कुठे आहे तेवढं सांगा, चढाचं माझं मी बघून घेईन." मी म्हटलं, "दोन तळ्यांच्या मधे. आमच्या फेऱ्यातला तेवढाच मोठा उतार आहे, पण खाली येताना दोन्हीकडे पाणी दिसतं." ती शाळेत गाणं शिकवायची. पोरांनी तिच्या शिरस्त्राणावर चिकटवलेले कागदी मासे तिनं मला एकेक करून दाखवले. एवढं सगळं मला का आठवावं, समजत नाही. पण आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी राउहाच्या अंगणात कॉफीच्या टेबलाशी उभा होतो. तिथून उतार सगळा दिसतो. अकरा वाजून गेले होते. तू सगळ्यांच्या पुढे होतीस, आणि वरून तुझा आवाज आला, "इथे ब्रेक सोडा!" दरवर्षी तू तसंच ओरडतेस. तू मोरीवरून गेलीस. मग मागचे एकापाठोपाठ गेले. राउहा पाव मोजायला म्हणून सायकली मोजत होती, आणि तिनं बारा म्हटलं. तेराव्याला आवाज झाला. मोठा नव्हता, ओल्या पोत्यावर काठी मारावी तेवढा. रस्त्यावर धूळ उठली आणि तेरावी सायकल नव्हती. त्यामागचे दोघं कडेच्या झुडपात पडले, त्यामुळेच मागचे वाचले. तू मागे वळून धावलीस. तू त्या पाण्यात उतरलीस, हेइमोनं तुला कंबरेला धरून ओढून काढलं, तू त्याच्या हाताला चावलीस. ते सगळं तुझ्यापाशी आहेच. तुला माहीत नाही ते एवढंच की मी जागचा हललो नाही. माझ्या हातात कॉफीची किटली होती आणि ती मी टेबलावर सरळ ठेवली, खाली कापड आहे की नाही ते बघून.

तिसऱ्या दिवशी चौकशीला अधिकारी आली. तरुण बाई होती, तिनं बूट दारात काढले. तिनं विचारलं, "या जागेबद्दल आधी कोणाची तक्रार होती?" मी म्हटलं, नव्हती. ते खरं होतं. तिनं रस्त्याची वही मागितली, मी दिली. त्यात वसंतातलं श्रमदान, गवतकापणी, बीव्हरची नोंद, सगळं तारखेनिशी होतं. मोरीवरच्या खळग्याबद्दल अक्षर नव्हतं. तिनं बाकीच्या आठ घरांत विचारलं, तिथेही तेच उत्तर. तिनं कागदावर लिहिलं की रस्त्यात दोष असल्याचं कोणाच्याही निदर्शनास आलेलं नव्हतं, आणि मी खाली सही केली. त्या सहीमुळे सगळं तुझ्यावर आलं. रस्ता चांगला होता म्हणजे मग तो भरधाव ताफा, ते ब्रेक सोडा म्हणणं, तो फेरा आखणं, एवढंच उरतं. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणणार नाही. सही करतानाच आलं होतं.

ओनाच्या अंत्यविधीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे राउहाकडे बसलो होतो. मग राउहा बशीकडे बघत म्हणाली, "मी तिथे दर मंगळवारी दोन बादल्या टाकायचे." कोणी मान वर केली नाही. टपाल वाटणारा आर्मस म्हणाला की तो सोमवारी आणि गुरुवारी टाकायचा. त्याची बायको म्हणाली, "तू पण?" कारण ती शनिवारी टाकायची. असं एकेक करत सगळं टेबल झालं. सात घरांतले आठ जण. हेइमो सगळ्यांत शेवटी बोलला. तो दर शुक्रवारी ट्रॅक्टरमधून आणून टाकायचा, फावड्यानं, ट्रॅक्टर वर उताराच्या डोक्याशी उभा करून. आर्मसनं विचारलं, "एवढ्या लांब का उभा करायचास?" हेइमोनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू सायकलवरून उतरून का चालायचास?" म्हणजे आम्ही प्रत्येकानं ते भोक बुजवलं होतं, जवळजवळ रोज बुजत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ते आपल्या दोन खेपांच्या मधे एकदाच पडतं. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी रस्ता जूनमध्येच बंद झाला असता. आपण गप्प राहू या, असंही त्या दिवशी कोणी म्हणालं नाही. आपल्या गावात ते म्हणावं लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. राउहानं पाव पुन्हा फिरवले आणि आम्ही ते खाल्ले.

मीही गप्प राहिलो असतो, हे तुला कळायला हवं. सात आठवडे राहिलोच. फोन करत होतो खरा, पण तू उचलला असतास तर मी तब्येत विचारली असती. मग गेल्या मंगळवारी पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे त्या जुन्या ओट्याशी, म्हणजे बांधापासून अर्धा किलोमीटर अलीकडे, रस्ता ओला दिसला. पाऊस दहा दिवसांत नव्हता. शाळेची गाडी तिथूनच वळते. बुधवारी सकाळी गेलो तर ओल दिसेना; वर नवी कोरडी खडी पसरलेली, काठ पायांनी दाबलेला. मी दारोदार जाऊन विचारलं, "कोणी भरलं?" बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. आर्मसनं खांदे उडवले. राउहानं कॉफी विचारली. हेइमो म्हणाला, "भरलं गेलं ना? मग झालं तर." इंकेरी, एक पोरगी गेली, आणि आम्ही अजून बादल्या घेऊन फिरतोय. त्या जागेवर मी ओंडके आडवे टाकले, त्यावर लाल कापड बांधलं आणि दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसलो. गाड्या वळसा घालून गेल्या. जाताना एरवी हात करतात, तो कोणी केला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. इतरांचं भोक आधीच्या दिवसांतलं असेल, माझं त्याच सकाळचं आहे. त्या शनिवारी सात वाजता, रस्ता नीट दिसतो ना म्हणून मी मोरीवर गेलो. खळगा बादलीएवढा झाला होता. मी खडी टाकत गेलो. सातवी बादली टाकली तेव्हा ती खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि तो यायला वेळ लागला. मग मी स्प्रूसची फांदी तोडून त्या भोकात रोवली, रस्त्यात अशी फांदी दिसली की धोका ओळखून आपल्याकडचं शेंबडं पोरही सायकल उभी करतं. घरी आलो, दाढी केली, स्वच्छ सदरा घातला. आणि दाढी करताना मनात आलं की पाहुणे उतारावरून खाली येणार आणि चिटणिसाच्या रस्त्यात मधोमध फांदी उभी. सगळे थांबणार, फोटो काढणार, हेइमो वर्षभर हसणार, आणि पुढच्या वर्षी तू हा फेरा दुसऱ्या कुठल्या तळ्यावर नेणार. तू येतेस ती त्या फेऱ्यासाठी, माझ्यासाठी नव्हे, असं मला वाटत आलंय. नऊ वाजता मी परत गेलो, फांदी काढली, भोकावर चिखल आणि खडी थापली, दंताळ्यानं रेघा सारख्या केल्या आणि वरून तीनदा चालून पाहिलं. टिकलं. शुक्रवारी हे सगळं मी त्या अधिकारी बाईला लिहून दिलं आहे, सहीनिशी, कोण कोणत्या वारी बादल्या टाकायचं त्यासकट, आणि पहिली सही मागे घेतली आहे. गाव आता माझ्याशी बोलत नाही, ते ठीकच आहे. गुरुवारी मी त्या खोलीत असेन. तू तोंड उघडू नकोस, आधी मला बोलू दे. ओनाची आई समोर बसलेली असेल, तिच्याकडे बघून मला बोलायचं आहे. ती विचारेल की फांदी मी उपटली नसती तरी वाऱ्यानं पडली नसती कशावरून. मी तिला खरं तेच सांगणार आहे. फांदी मी चांगली घट्ट रोवली होती. उपटताना दोन्ही हात लावावे लागले.

तुझाच,
ताउनो मामा